भोपळटेकडीचे मामा

"मयत कोण?" फाटकावरच्या बाईंनी विचारलं.

"मामा," मी म्हणालो.

"कुणाचे?"

मी मागं वळून पाहिलं. पांढऱ्या टोप्या, खाली घातलेल्या माना, आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याचा कॅन. एकाचाही चेहरा मामा गेल्यासारखा नव्हता.

"सगळ्यांचेच," असं म्हणून मी उपरण्यात तोंड खुपसलं.

हसू आलं तर उपरणं तोंडावर घ्यायचं. खांदे हलले की माणसाला हुंदका आलाय असं वाटतं. हे मी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. माझ्या मागं बघता बघता तीन-चार जणांना हुंदके आले.

बाई वनरक्षक होत्या. प्रणिता कुळमेथे, चंद्रपूरकडच्या. खाकी गणवेश अजून कडक, शिट्टी नवी, नोकरी नवी. त्यांच्या डोक्याच्या वर, फाटकाला सरकारी पाटी होती: 'निसर्ग पुनरुज्जीवन क्षेत्र. धार्मिक विधी वगळता प्रवेश बंद.'

"पाणी काऊन एवढं?"

"मयताला तहान राहू नये म्हणून प्रत्येक भाच्यानं पाणी घालायचं असतं, मॅडम."

"इतके भाचे?"

"मामांना बहिणी फार."

त्यांनी माझ्या काखेतल्या मडक्याकडं बघितलं. वर पांढरं फडकं, त्यावर झेंडूचा हार. मडक्यात मामा होते, म्हणजे माझ्या आचाऱ्याच्या भट्टीतली राख.

"पायवाट सोडू नका. बिडी पेटवाची नाही. झाडाले हात लावाचा नाही," त्या म्हणाल्या आणि फाटक उघडलं.

तात्या माझ्या शेजारून आत शिरले. त्यांचा हात खिशात होता आणि खिशातून टिकटिक, टिकटिक आवाज येत होता. दत्तोबा खैरमोडे, एसटीचे रिटायर कंडक्टर. तिकिटाचा जुना पंच ते अजून खिशात बाळगायचे आणि घाबरले की वाजवायचे.

"तात्या, टिकटिक बंद करा," मी हळूच म्हणालो. "मयतीत कोण तिकिटं फाडतं?"

"तू चल पुढं," तात्या म्हणाले. "आत सरका, आत सरका."

---

आता ही भानगड कशी झाली ते सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील.

आमची टेकडी लांबून पालथ्या भोपळ्यासारखी दिसते, म्हणून भोपळटेकडी. गावातली निम्मी माणसं रोज सकाळी वर जायची. जाताना प्रत्येकानं बाटलीभर पाणी न्यायचं आणि वाटेतल्या एखाद्या झाडाला घालायचं, असा नियम होता. तो कुणी केलेला नव्हता, म्हणूनच पाळला जायचा.

मग सरकारचं धोरण आलं. दिवाळीनंतर टेकडीला तारेचं कुंपण पडलं. वनखात्याच्या साहेबांनी पायथ्याला सभा घेतली. मंडप माझाच होता, म्हणून मला पुढं बसायला मिळालं.

साहेब म्हणाले, "माणूस बाजूला झाला की निसर्ग आपोआप सावरतो."

तात्यांनी हात वर केला. "आणि उन्हाळ्यात झाडांना पाणी कोण घालणार?"

"निसर्ग," साहेब म्हणाले.

साहेबांचं अगदीच चूक होतं असं नाही. आमच्यातल्याच लोकांनी वर कोंबड्या भाजून दोनदा वणवा लावला होता. पण कोंबडीवाले आणि बाटलीवाले एकाच फाटकाबाहेर काढले गेले.

तात्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांची बायको, रत्नप्रभाकाकू, आदल्या वर्षी गेली. आमच्याकडं तेव्हा नवीन पद्धत सुरू झाली होती. राख नदीत सोडायची नाही. खड्डा घ्यायचा, त्यात राख टाकायची आणि वर झाड लावायचं. काकूचं झाड टेकडीवर. तात्यांना चाफा लावायचा होता, पण रोपवाटिकेतला चाफा संपला होता. बहावा मिळाला.

"आयुष्यभर माझ्या गाडीत तिला खिडकीची सीट मिळाली नाही," तात्या तेव्हा म्हणाले होते, "आता चाफा पण नाही."

कुंपण पडलं आणि बहाव्याचं पाणी तुटलं. तात्या रोज सकाळी बाटली घेऊन फाटकापर्यंत जायचे आणि भरलेली बाटली घेऊन परत यायचे. वाटेत माझ्या दुकानात टेकायचे. माझा मंडपाचा धंदा. ताडपत्री, खुर्च्या, स्पीकर, भांडी. लग्नात आणि मयतीत खुर्च्या त्याच असतात, फक्त कव्हरं काढायची.

एक दिवस तात्या म्हणाले, "सर्जा, ते झाड या उन्हाळ्यात जाणार. बायको एकदा गेली तेवढं बास झालं."

आम्ही साहेबांच्या ऑफिसात गेलो. क्लार्क पेपर वाचत होता.

"टेकडीवर जायचंय," मी म्हणालो.

"विधी काय आहे?"

"झाडाला पाणी घालायचं."

"तो विधी नाही. मयत कधीची?"

"गेल्या वर्षीची," तात्या म्हणाले.

"वर्षश्राद्ध झालं?"

"झालं."

"मग विधी संपले, काका." त्यानं पेपर उलटला. "एखादी ताजी मयत असेल तर बोला."

बाहेर येऊन मला हसू आवरेना.

"हसतोस काय, भाड्या?" तात्या चिडले.

"तात्या, सरकार ताजी मयत मागतंय. आपल्या दुकानात काय कमी आहे?"

---

मामा कसे असावेत यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. काका म्हटलं की भाऊबंद विचारतात, जमिनीचा विषय निघतो. मामाला कुणी काही विचारत नाही. फोटो मात्र लागणार होता. फ्लेक्स छापणाऱ्यानं माझ्याच फोटोला पांढऱ्या मिशा लावल्या, डोक्यावर फेटा बसवला, कपाळावर आठ्या ओढल्या आणि खाली छापलं: 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. मामा. शोकाकुल, समस्त भाचेमंडळी.'

"गाव काय टाकू?" त्यानं विचारलं.

"फोटो मोठा कर, गावाला जागाच उरणार नाही."

फ्लेक्स फाटकाजवळ लावला. पहिल्या दिवशी वर गेलो तेव्हा काकूचा बहावा नुसती काडी झाला होता. एक पान नाही. तात्या त्याच्यासमोर उभे राहिले. पंच पण वाजवला नाही. आम्ही सगळ्यांनी कॅन रिकामे केले. आधी बहाव्याला, मग दिसेल त्या झाडाला. रीतीप्रमाणं शेजारच्या रिकाम्या खड्ड्यात मामांना टाकलं आणि वर कडुनिंबाचं रोप लावलं.

खाली येताना कुळमेथे मॅडम फ्लेक्ससमोर उभ्या होत्या.

"मामा तुमच्यासारखेच दिसते जी."

"भाचे मामांवरच जातात, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, परत फ्लेक्सकडं बघितलं. "जाते बाप्पा," त्या म्हणाल्या.

इथं माझी एक चूक झाली. आमच्या गावात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला की मयत कोण हे कुणी विचारत नाही. दहावा कधी, एवढंच विचारतात. दहाव्याला गेलं नाही तर आपल्या दहाव्याला कोण येणार, असा सरळ हिशोब असतो. मी आपल्या पंधरावीस माणसांची तयारी केली होती. दहाव्याच्या सकाळी फाटकावर जाऊन बघतो तर अर्धं गाव उभं.

"किती वर्षांचे होते?" एकानं मला विचारलं.

"वय झालंच होतं."

"चला, सुटले. आजारी होते ना बरेच दिवस?"

"तुम्हाला माहितीच आहे," मी म्हणालो.

मला एकच सुचलं. फाटकाजवळ पाण्याचा टँकर उभा केला आणि माझ्या गोदामातल्या सगळ्या कळश्या आणल्या. "मामांची शेवटची इच्छा आहे, प्रत्येकानं एक कळशी घेऊन वर यायचं." मयताच्या इच्छेला कोण नाही म्हणतो? बायाबापड्या, म्हातारे, पुढारी, सगळे कळशी घेऊन भोपळटेकडी चढले.

वर पिंड ठेवला. ठेवतोय तोवर कावळा शिवला. लोकांनी हात जोडले.

"भाग्यवान माणूस. काही इच्छाच राहिली नव्हती," कुणीतरी म्हणालं.

मला परत हुंदका आला. तात्या मात्र त्या कावळ्याकडं फार वेळ बघत राहिले. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग भाषणं. आमच्या भागात दहाव्याला भाषणं झाल्याशिवाय माणूस पुरता मरत नाही. माजी नगराध्यक्ष आप्पासाहेब ढोणे यांनी माईक हातात घेतला. माईक माझाच.

"मामांच्या जाण्यानं तालुक्यात फार मोठी पोकळी निर्माण झालीय," आप्पासाहेब म्हणाले. "माझे आणि मामांचे घरोब्याचे संबंध होते. मामांनी मला कडेवर खेळवलंय. पहिल्या निवडणुकीत सगळे सोडून गेले तेव्हा मामा एकटे माझ्या पाठीशी उभे होते."

आप्पासाहेबांनी खरोखर रुमाल काढला. लोकांनी डोळे पुसले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हातारीनं मला सांगितलं की मामा तिच्या माहेरकडचे.

त्या दिवशी टेकडीवरच्या जवळजवळ प्रत्येक झाडाला पाणी मिळालं. बहावा होता तसाच होता. काडी.

---

तेराव्याला आम्ही वर गेलो तेव्हा तिथं मजूर होते. कुदळी, टिकाव, आणि नव्या रोपांच्या पिशव्या. सुकलेली झाडं उपटून त्या जागी नवी लावत येत होते. कुळमेथे मॅडम रांगेच्या टोकाला उभ्या होत्या.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तपासणी हाय. साहेब येणार. मेलेलं झाड दिसलं तर माझ्यावर येते." त्यांनी पुढं बोट दाखवलं. "ही एवढी रांग झाली का संपलं."

त्या रांगेत चौथा बहावा होता.

तात्यांच्या खिशात टिकटिक सुरू झाली. मजुरानं पहिलं झाड उपटलं. मग दुसरं. मी म्हणालो, "मॅडम, आज तेरावं आहे. आजच्या दिवशी झाड उपटलं तर मामांच्या आत्म्याला..."

"मामांचं झाड नाही उपटत जी. मामांचा कडुनिंब मस्त हाय."

तिसरं उपटलं. मजूर बहाव्यापाशी आला, खाली वाकला आणि तात्या जाऊन सरळ त्याच्या टिकावापुढं बसले. खड्ड्याच्या मातीत, पांढऱ्या धोतरासकट.

"ओ काका, उठा ना," मजूर म्हणाला.

"उठणार नाही."

"काऊन?" मॅडम पुढं आल्या. "ते मेलेलं झाड हाय, काका."

"इथं माझी बायको आहे," तात्या म्हणाले.

मजुरानं टिकाव खाली ठेवला.

तात्या मॅडमकडं न बघता बोलले. "तिच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. सगळं बोलून झालं. पोरीला सांभाळीन म्हणालो, तंबाखू सोडीन म्हणालो. कावळा झाडावर बसून नुसता बघतोय. लोक कंटाळले, गाड्यांना उशीर व्हायला लागला. शेवटी मी मनातल्या मनात म्हणालो, तुझ्या झाडाला रोज पाणी घालीन. उतरला की लगेच."

हे मला माहीत नव्हतं. रोज दुकानात बसायचे, कधी बोलले नव्हते.

मॅडमनी काठी बाजूला ठेवली. बहाव्याजवळ उकिडव्या बसल्या आणि बुडाजवळ नखानं थोडी साल खरवडली. आत हिरवं होतं.

"जित्तं हाय," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात हा असाच राहते. पानं टाकते." मग मजुराला म्हणाल्या, "पुढचं घे."

मजूर पुढं गेला. तात्या अजून मातीतच बसलेले. मॅडम तिथंच बसून होत्या. शेजारी मामांचा खड्डा होता. त्यांनी बोटानं कडेची राख उकरली आणि काहीतरी उचलून तळहातावर घेतलं. भुईमुगाची फोलपटं, अर्धी जळलेली. माझे आचारी भट्टीपुढं बसून शेंगा खातात आणि फोलपटं आत टाकतात. मी राख चाळायला विसरलो होतो.

"तुमचे मामा शेंगा फार खात होते काय जी?"

कुणाला हुंदका आला नाही.

"फार," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."

त्या उठल्या, हात झटकले. मी मनात हिशोब करत होतो. सरकारी क्षेत्रात खोटं सांगून घुसलो, अर्ध्या गावाला घुसवलं, वर टँकर. तात्यांचं वय बघून सोडतील, मला नाही सोडणार.

मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडं माणूस गेला का त्याच्या नावानं दगड उभा करते. तुमी नाही केला?"

"आमच्यात तशी पद्धत नाही, मॅडम."

"असू द्या." त्यांनी काठी उचलली. दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "मासिक कधी हाय मामांचं?"

---

मामांचं मासिक आणि साहेबांची तपासणी एकाच दिवशी आली. माझ्या आजवरच्या उद्योगांत असा योग परत आला नाही.

आम्ही कळश्या घेऊन वर होतो. गाव आता सरावलं होतं, निरोप न देता येत होतं. आप्पासाहेब भाषणाच्या तयारीनं आले होते. खालून साहेब चढत आले, घामाघूम, बरोबर दोन माणसं. साहेब वर आले आणि थांबले. चहूकडं बघायला लागले. ऐन मे महिना, आणि रांगेनं झाडांना पालवी. आळी ओली. मामांच्या कडुनिंबाला तर महिन्यात वीतभर वाढ.

"बाकी सगळ्या टेकड्या बघून आलो," साहेब म्हणाले. "निम्मी झाडं वाळलीत. इथं काय केलंत तुम्ही?"

साहेबांना आम्ही दिसलो. टोप्या, कळश्या, हार.

"हे लोक आत कसे? कुणाची मयत आहे?"

तात्यांच्या खिशात टिकटिक. मी उपरणं तोंडाकडं न्यायला लागलो.

"मामांची, सर," मॅडम म्हणाल्या.

"कुणाचे मामा?"

मॅडमनी आमच्याकडं एकदा बघितलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"सगळ्यांचेच जी."

आणि त्यांनी टोपी काढली. साहेबांनी ते बघितलं आणि त्यांनाही काढावी लागली. मग आप्पासाहेबांनी पुढं होऊन साहेबांचा हात हातात घेतला आणि मामांचं जीवनचरित्र सांगायला सुरुवात केली. मामांना झाडांचा किती लळा होता, हे मला तिथं कळलं. अर्ध्या तासानं साहेब स्वतः एक कळशी घेऊन बहाव्याला पाणी घालत होते. आणि साहेबांनी घातलेल्या पाण्याला ऑफिसात विधी म्हणतात की नाही, हे विचारायची त्या क्लार्कची छाती नव्हती.

पुढच्या वर्षी पाटी बदलली. 'लोकसहभागातून निसर्ग पुनरुज्जीवन. सकाळी व संध्याकाळी प्रवेश खुला.' कोंबडीवाल्यांना अजूनही बंदी आहे, ते बरंच आहे. कुळमेथे मॅडमची बदली त्यांच्या भागात झाली. जाण्याआधी त्यांनी मजुरांकडून एक उभा दगड आणवला आणि कडुनिंबाशेजारी रोवला. त्यावर काही लिहिलं नाही. आता लोक त्याला हार घालतात. दर वर्षी मे महिन्यात मामांची पुण्यतिथी असते, आख्खं गाव कळश्या घेऊन चढतं. नवी पोरं मला विचारतात, मामा कसे होते? मी सांगतो, दिसायला माझ्यासारखे, पण स्वभावानं चांगले.

बहावा आता फुलतो. ऐन उन्हाळ्यात, पिवळाजर्द. तात्या त्याच्याखाली बसून म्हणायचे, "चाफ्याला एवढं जमलं नसतं."

गेल्या एप्रिलमध्ये तात्या गेले. मधल्या काळात आणखी एक नवा नियम निघाला होता. टेकडी भरली, आता नवीन राख टाकायला आणि नवीन झाड लावायला बंदी. फक्त मामांची पुण्यतिथी, मडक्यासकट, परवानगीनं चालू, कारण ती सरकारच्या पुस्तकात परंपरा म्हणून चढलीय.

तात्यांना हे माहीत होतं. दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाले, "सर्जा, मला तिच्या झाडाच्या बुडात टाक. पण माझ्या नावानं न्यायचं नाही. आमच्या नावानं चार माणसं येतील. मामांच्या नावानं गाव येतं, झाडांना पाणी मिळतं."

म्हणून मेपर्यंत त्यांना माझ्या गोदामात फळीवर ठेवलं, कळश्यांच्या शेजारी. पुण्यतिथीला मडकं काखेत घेतलं, फडकं बांधलं, झेंडूचा हार घातला आणि सगळ्यांच्या पुढं निघालो. मागं गाव होतं.

फाटकावर नवीन गार्ड होता. तरुण, कडक गणवेश.

"मडक्यात काय आहे?" त्यानं विचारलं. "राख न्यायला बंदी आहे. कोण आहे?"

मी उपरणं तोंडावर घेतलं. खांदे हलत होते.

"मामा," मी म्हणालो.

त्यानं टोपी काढली आणि फाटक उघडलं.